सहा पौंडांचा ससा

स्मरणिकेसाठी चरित्र लिहायचे म्हटले की थोर स्त्रियांची नावे आपोआप डोळ्यांपुढे येतात. कुणी मुलींची शाळा काढली, कुणी सातासमुद्रापलीकडे जाऊन वैद्यकी शिकली, कुणी तुरुंगवास सोसला. त्यांच्याविषयी आपल्या मंडळात दरवर्षी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा मी जिच्याविषयी लिहिणार आहे, तिने यातले काहीच केले नाही. तिने ससे काढले. कोट घातलेले ससे, झोका हलवणारी उंदरीण, मासे धरायला निघालेला बेडूक. निळ्या कोटातला तिचा पीटर ससा आज बाळांच्या दुपट्यांवर आणि दुधाच्या पेल्यांवर जगभर दिसतो, आपल्याकडच्या दुकानांतही दिसतो. पण त्या सशाची आई आपल्यापैकी थोड्याच जणींना ठाऊक असेल. तिचे नाव बीट्रिक्स पॉटर. तिच्या पहिल्यावहिल्या गमतीच्या चित्रांविषयी मला मुख्यतः सांगायचे आहे. कारण माझ्या मते तिचे पुढचे सगळे आयुष्य त्या चित्रांतून उगवले.

बीट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात झाला. घर श्रीमंत. आजोबा एडमंड पॉटर यांचा कापडावर नक्षी छापण्याचा, म्हणजे आपण ज्याला चीट म्हणतो त्याचा, मोठा कारखाना होता. आईच्या माहेरची संपत्तीही लँकेशायरच्या कापूसधंद्यातलीच. वडील रूपर्ट पॉटर शिकून बॅरिस्टर झाले होते, पण पोटासाठी वकिली करण्याची त्यांना गरज नव्हती. त्यांना छायाचित्रे काढण्याचा नाद होता, आणि जॉन एव्हरेट मिले या त्या काळच्या नामांकित चित्रकाराशी त्यांचा स्नेह होता.

अशा घरातल्या मुलीला काय कमी, असे आपल्याला वाटेल. पण त्या काळच्या इंग्लंडात मोठ्या घरच्या मुलीचे जिणे फार बंदिस्त असे. मुलगे शाळेत जात. मुलीला शिकवायला बाई घरी येत. बीट्रिक्स शाळेत गेलीच नाही. तिच्या वयाच्या मैत्रिणी नव्हत्या. तिचा धाकटा भाऊ बर्ट्रम १८७२ साली जन्मला. तोच काय तो सोबती, आणि तोही पुढे शिक्षणासाठी बाहेर पाठवला गेला. वरच्या मजल्यावरची मुलांची खोली, ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी फिरणे, असे तिचे बालपण गेले.

त्या खोलीत मात्र एक वेगळेच जग नांदत होते. या दोघा भावंडांनी तिथे ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघळे, एक हेजहॉग, इतकेच काय पण सापसुद्धा पाळले होते. हेजहॉग म्हणजे अंगावर आखूड काटे असलेला, आपल्या साळिंदराहून पुष्कळ लहान असा प्राणी. दरवर्षी उन्हाळ्यात पॉटर कुटुंब स्कॉटलंडमधील डॉलगाइज येथे मोठे घर भाड्याने घेऊन राहत असे. तिथल्या रानावनांतून मुले पाने, किडे, फुले, मेलेले पक्षी गोळा करून आणीत. मेलेल्या प्राण्याचे मांस उकळून काढून त्याचा सांगाडा स्वच्छ करायचा, मापे घ्यायची आणि हाडांची चित्रे काढायची, हाही त्यांचा एक उद्योग होता. आपल्यातल्या कित्येक जणींच्या अंगावर हे वाचून काटा येईल. पण सशाच्या मागच्या पायाचा सांधा कुठे वाकतो आणि उंदराच्या पाठीचा कणा कसा गोल होतो, हे त्या मुलीच्या बोटांना असे कळले.

आठनऊ वर्षांची असताना तिने भरलेली एक वही आजही जपून ठेवलेली आहे. तीत सुरवंटांची चित्रे आहेत, आणि कोणता सुरवंट काय खातो, कसा दिसतो, याची टिपणे आहेत. त्याच सुमाराच्या पानांत मात्र मफलर गुंडाळून बर्फावर घसरत निघालेले ससेही आहेत. एकाच मुलीच्या हातून एकीकडे शास्त्र उतरत होते आणि दुसरीकडे थट्टा. या दोन गोष्टी तिच्या मनात वेगळ्या नव्हत्याच. सुरवंट जितक्या काळजीने न्याहाळायचा, तितक्याच काळजीने घसरणाऱ्या सशाचा तोल न्याहाळायचा.

हे सांगताना मला आपली चिऊताई आठवते. कावळा दार वाजवीत असतो आणि चिऊताई आत बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते, पाळण्यात निजवते. आपण ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण गोष्ट ऐकताना मुलांच्या डोळ्यांपुढे बहुतेक पंख लावलेली आईच येते. तीट लावताना चिमणीचा पंख कसा वळेल, ती एका पायावर उभी राहील की दोन्ही पायांवर, हे आपण कधी विचारले नाही, आणि तोंडी गोष्टीला त्याची गरजही नसते. बीट्रिक्सने नेमके हेच विचारले. तिच्या चित्रातली उंदरीण पाळणा हलवते तेव्हा ती उंदरासारखीच बसलेली असते. ससा कोट घालतो तेव्हा कोटाच्या आत ससाच असतो. माणसाच्या धडावर सशाचे डोके बसवणारे चित्रकार तेव्हाही पुष्कळ होते. त्यांची चित्रे पाहून क्षणभर हसू येते आणि संपते. हिची चित्रे पाहताना आपण हसतो आणि मग पुन्हा वाकून पाहतो, कारण ती खरी वाटतात.

चित्रकार मिले यांनी तिच्या या गुणाची पारख केली होती. चित्र काढता येणारे बरेच असतात, पण निरीक्षण तुझ्यापाशी आहे, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे तिने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. ही रोजनिशीही मोठी विलक्षण. सुमारे पंधराव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत तिने ती स्वतः रचलेल्या सांकेतिक लिपीत लिहिली. घरातल्या कुणालाही वाचता येऊ नये, एवढाच हेतू असावा. तिच्या मृत्यूनंतर लेस्ली लिंडर नावाच्या गृहस्थांनी कित्येक वर्षे खटपट करून १९५८ साली ती लिपी उलगडली आणि १९६६ साली रोजनिशी छापून निघाली. भरल्या घरात राहणाऱ्या मुलीला मनातले लिहिण्यासाठी कुलपासारखी लिपी करावी लागली, यावरून तिच्या एकटेपणाची कल्पना यावी.

आता तिच्या पहिल्या कमाईकडे येते. वय तेवीस. लग्न ठरलेले नाही, शिक्षण संपलेले, आणि घरात काम असे काही नाही. आईवडिलांच्या सोबत हिंडायचे आणि आईच्या मर्जीने चालायचे. तिला आणि भावाला छपाईचे एक लहान यंत्र घ्यायचे होते, पण पैसे पुरत नव्हते. तेव्हा तिचे काका सर हेन्री रॉस्को, जे मोठे रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांनी सुचवले की तुझी चित्रे भेटकार्डांसाठी विकून पाहा. तिच्यापाशी तेव्हा बेंजामिन बाउन्सर नावाचा ससा होता. लंडनच्या एका दुकानातून कागदी पिशवीत घालून तिने तो घरच्यांच्या नकळत आणला होता. या बेंजामिनला लोणी लावलेला गरम टोस्ट फार आवडे. चहाची घंटा झाली की स्वारी दिवाणखान्यात हजर. त्यालाच पुढ्यात बसवून तिने नाताळच्या शुभेच्छांसाठी सहा चित्रे तयार केली. चित्रांतले ससे माणसांसारखे कपडे घालून माणसांचे व्यवहार करीत होते.

पहिल्या प्रकाशकाने चित्रे जवळजवळ उलट टपालीच परत पाठवली. मग ती हिल्डेशायमर अँड फॉकनर या कंपनीकडे गेली. १८९० सालच्या मे महिन्यात त्यांच्याकडून उत्तर आले, आणि सोबत सहा पौंडांचा चेक. तिच्या हक्काची ही पहिली मोठी कमाई. या आनंदात ती काय करणार? ज्याच्या जिवावर हे घडले त्या बेंजामिनला तिने पेलाभर भांगेचे बी खायला घातले. पाखरांच्या दाण्यात ते तिकडे सर्रास मिळते. परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा चित्र काढायला बसली, तर ससोबांची ब्रह्मानंदी टाळी लागलेली. एका जागी बसायलाच तयार नाहीत. आपल्याकडे होळीत काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या सशाची अवस्था वेगळी सांगायला नको.

ती चित्रे भेटकार्डांवर छापून आली, आणि फ्रेडरिक वेदरली यांच्या पद्यांबरोबर एका छोट्या पुस्तिकेतही आली. चित्रांखाली तिचे पूर्ण नाव नव्हते, फक्त आद्याक्षरे होती. सहा पौंड म्हणजे तिच्या वडिलांच्या संपत्तीपुढे काहीच नव्हते. पण वडिलांकडून मिळालेले शंभर आणि आपल्या बोटांनी मिळवलेले सहा यांत काय फरक असतो, हे मंडळाच्या पापड-मसाल्यांच्या विक्रीतून पहिला वाटा घरी नेलेल्या भगिनींना मी काय सांगावे!

त्यानंतरची चारपाच वर्षे तिची गमतीची चित्रे भराभर होत राहिली. सशांच्या घरचा नाताळ, अशी एक चित्रमाला तिने काढली: पाहुणे ससे छत्र्या घेऊन, शाली लपेटून येतात, नाचतात, चुलीपुढे बसून सफरचंदे भाजतात आणि रात्री निरोप घेऊन जातात. सूत कातणारे उंदीर तिने काढले. तिसाव्या वर्षानंतर काढलेले एक चित्र तर मला फारच गोड वाटते. रॉस्कोकाकांनी मुलांसाठी रसायनशास्त्राचे एक पुस्तक लिहिले, त्यावर तिने १८९९ साली त्यांना भेट म्हणून हे चित्र दिले. प्रयोगशाळेतल्या गॅसच्या बर्नरभोवती उंदीर जमले आहेत आणि त्या शास्त्रीय ज्योतीवर चीज भाजून घेत आहेत! काकांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात ते छापले. थट्टा कशी करावी, तर अशी. ज्याची केली त्यानेच ती जपून ठेवावी.

याच काळात तिला एका वेगळ्या वाटेने जाण्याची ओढ लागली होती. ती अळंबी गोळा करून त्यांची चित्रे काढू लागली. स्कॉटलंडमधला चार्ल्स मॅकिंटॉश नावाचा एक साधा टपालवाला या विषयातला जाणकार होता. त्याने तिला नमुने पाठवले, कसे पाहावे ते शिकवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, घरात बीजाणू रुजवून, तिने अळंबीची शेकडो चित्रे काढली आणि बीजाणू कसे रुजतात यावर एक निबंध लिहिला. तो १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. मांडला तो क्यू येथील उद्यानातल्या जॉर्ज मॅसी यांनी, कारण त्या सभेत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. निबंधावर आणखी काम हवे असे ठरले, तिने तो मागे घेतला आणि तो कधी छापला गेला नाही. शंभर वर्षांनी, १९९७ साली, त्या संस्थेने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले. तिची अळंबीची चित्रे १९६७ सालच्या एका शास्त्रीय पुस्तकात वापरली गेली. पाहायला ती मात्र नव्हती.

हे दार बंद झाले म्हणून ती रडत बसली असेल तर तसे कुठे दिसत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जी नजर तिने अळंबीवर रोखली, तीच सशांवर रोखली होती. विद्वानांच्या सभेने त्या नजरेला बाहेर उभे केले. लहान मुलांनी तिला आत घेतले.

ते असे झाले. तिला जर्मन शिकवायला ॲनी कार्टर नावाच्या बाई येत. त्या तिच्याहून तीनच वर्षांनी मोठ्या. त्यामुळे शिक्षिका कमी आणि मैत्रीण जास्त. पुढे त्यांचे लग्न झाले, मिसेस मूर झाल्या, मुले झाली. त्यांचा थोरला मुलगा नोएल पाच वर्षांचा असताना आजारी पडला. त्याला काय लिहावे हे बीट्रिक्सला सुचेना. तेव्हा ४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथून तिने त्याला पत्रातून एक गोष्टच लिहून पाठवली: चार भावंडे ससे, त्यांतला पीटर आईचे न ऐकता शेजारच्या बागेत शिरतो, माळ्याच्या तावडीतून कसाबसा सुटतो. जागोजागी पेनाने काढलेली लहान चित्रे. दुसऱ्याच दिवशी नोएलच्या धाकट्या भावाला तिने मासे पकडणाऱ्या बेडकाची गोष्ट पाठवली, म्हणजे त्याला वाईट वाटायला नको! दोन लेकरांच्या घरात एकालाच खाऊ नेऊ नये, हे तिला मूल नसतानाही कळत होते.

पीटर हा ससाही खराच होता. बेंजामिननंतर तिने साडेचार शिलिंगांना लंडनमध्ये तो विकत घेतला होता. तो चुलीपुढे मांजरासारखा पसरे, कडीतून उडी मारी, घंटी वाजवी. पाहुण्यांपुढे मात्र ऐन वेळी हट्ट धरून बसे, जशी आपली मुले पाहुण्यांपुढे गाणे म्हणायचे म्हटले की बसतात.

नोएलने ते पत्र सात वर्षे जपले. पत्रांतल्या गोष्टींची पुस्तके कर, ही सूचना त्याच्या आईची, मिसेस मूर यांची. मला या ठिकाणी थांबावेसे वाटते. घरात आठ मुले वाढवणाऱ्या त्या बाईला मैत्रिणीच्या पत्रांची किंमत कळली आणि ती तिने बोलून दाखवली. कितीतरी जणींची कला अशी एक मैत्रीण न मिळाल्याने पेटीत राहते.

बीट्रिक्सने पत्र परत मागून घेतले, गोष्ट वाढवली, चित्रे नव्याने काढली आणि प्रकाशकांकडे धाडली. निदान सहा ठिकाणांहून नकार आला. कुणाला पुस्तक मोठ्या आकाराचे हवे होते, कुणाला रंगीत. तिचा आग्रह असा की पुस्तक लहान मुलाच्या चिमुकल्या हातात मावले पाहिजे आणि गरिबालाही घेता आले पाहिजे. शेवटी डिसेंबर १९०१ मध्ये तिने स्वतःच्या पैशांनी २५० प्रती छापून घेतल्या. नातलग आणि ओळखीच्यांत त्या पाहता पाहता संपल्या. आर्थर कॉनन डॉइल यांनीही आपल्या मुलांसाठी एक घेतली. लगेच आणखी २०० छापाव्या लागल्या. खरा पीटर ससा मात्र हे पाहायला नव्हता. तो त्याच वर्षी २६ जानेवारीला नऊ वर्षांचा होऊन वारला.

आता फ्रेडरिक वॉर्न या कंपनीने पुस्तक घेतले, चित्रे रंगवून मागितली, आणि ऑक्टोबर १९०२ मध्ये एक शिलिंग किमतीला ते बाजारात आले. आठ हजारांची पहिली आवृत्ती निघण्यापूर्वीच मागणीत संपली होती. वर्ष सरेपर्यंत २८ हजार प्रती छापल्या गेल्या. पुस्तकात एक जागा आहे. माळी मागे लागतो, पीटरचे जोडे सुटून पडतात, तसा तो चार पायांवर येतो आणि अधिक वेगाने धावतो. पुढे कोटही जाळीत अडकून राहतो. आईने घातलेले कपडे गळून पडताच तो पुन्हा नुसता ससा होतो आणि वाचतो. मुले इथे हसतात. पण सशाचे हाड न्‌ हाड ठाऊक असल्याखेरीज ही गंमत कुणाला सुचली नसती.

पुढे पुस्तकांमागून पुस्तके आली. खारीचे, उंदरांचे, धोबीण हेजहॉगचे. या हेजहॉगबाईंची मांडीवर झोपायला कधीच ना नसे. पण कपडे घालून अर्धा तास उभे राहा म्हटले की त्या करुण जांभया देत आणि मग चावत, असे बीट्रिक्सने प्रकाशकांना कळवले होते. प्रकाशक म्हणजे वॉर्न घराण्यातला धाकटा मुलगा नॉर्मन. दोन उंदरांच्या पुस्तकासाठी त्याने आपल्या पुतणीकरिता केलेले बाहुलीघर पाहायला जायचे होते, तर आईने जाऊ दिले नाही. तेव्हा बीट्रिक्सचे वय सदतीसच्या पुढे गेलेले! शेवटी नॉर्मनने बाहुलीघराची छायाचित्रे पाठवली आणि त्यांवरून तिने चित्रे काढली.

जुलै १९०५ मध्ये नॉर्मनने तिला मागणी घातली. तिने होकार दिला. आईवडिलांचा सक्त विरोध. कारण वर व्यापारी. ज्यांची स्वतःची संपत्ती चीट छापून आली होती, त्यांना पुस्तके छापणारा जावई कमी दर्जाचा वाटला. आईवडिलांना दुखवायचे नाही आणि शब्दही मोडायचा नाही, म्हणून तिने अंगठी घातली पण गवगवा केला नाही. महिनाच लोटला, आणि २५ ऑगस्ट १९०५ रोजी नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने वारला. जगापुढे जिचे लग्न ठरलेच नव्हते, तिला जगापुढे रडताही आले नसेल.

त्याच वर्षी तिने उत्तर इंग्लंडच्या सरोवरांच्या मुलखात, सॉरे नावाच्या खेड्यात, हिल टॉप हे शेत विकत घेतले. पैसे मुख्यतः पुस्तकांचे. आईवडील लंडनला, त्यामुळे तिला तिथे सारखे राहता येत नसे. सवड काढून ती जाई. पण जमीन तिची होती, घर तिचे होते, चुलीजवळची कपाटे आणि जिनासुद्धा तिच्या पुढच्या चित्रांत उतरला. पुढे जमीनखरेदीच्या कामात मदत करणाऱ्या विल्यम हीलिस या वकिलाशी तिचा स्नेह जुळला. याही वेळी घरातून विरोध झाला. या वेळी तिने मानला नाही. १५ ऑक्टोबर १९१३ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ती मिसेस हीलिस झाली.

तिच्या आयुष्याचा पुढचा भाग मी थोडक्यात सांगते, कारण त्यात चित्रे कमी आणि मेंढ्या जास्त आहेत. हर्डविक नावाची त्या डोंगराळ मुलखातली काटक मेंढी नाहीशी होईल की काय अशी भीती होती. तिने ती जात वाढवली आणि प्रदर्शनांत बक्षिसे मिळवली. गावासाठी परिचारिका असावी म्हणून खटपट केली. पावसात खांद्यावर गोणपाट टाकून ती शेतात हिंडे. एकदा एका भटक्या भिकाऱ्याने तिला आपल्यासारखीच वाटचुकी समजून सहानुभूती दाखवली, अशी गोष्ट सांगतात. १९४३ साली मेंढपाळांच्या संघाने पुढच्या वर्षासाठी अध्यक्ष म्हणून तिची निवड केली. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. पण २२ डिसेंबर १९४३ रोजी ती गेली. मरताना तिने चार हजारांहून अधिक एकर जमीन आणि शेते नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली; अट अशी की मुलूख आहे तसा राहावा, हर्डविक मेंढ्या तिथे चरत राहाव्या. आजही त्या चरतात.

बेंजामिन सशाच्या सहा पौंडांनी चार हजार एकर जमीन आली, असे मी म्हटले तर हिशेब ठेवणाऱ्या भगिनी हसतील. मध्ये तेवीस लहान पुस्तके आहेत, वाडवडिलांकडून आलेला पैसाही आहे, आणि तिची व्यवहारातली हुशारीही. १९०३ साली तिने स्वतः पीटर सशाची बाहुली शिवून तिचा हक्क सरकारदरबारी नोंदवला होता! पण पहिली पायरी ती सहा चित्रेच. त्यांनी तिला सांगितले की आपली गंमत आपल्यापुरती नाही. परक्या माणसालाही ती हवी आहे आणि तो तिची किंमत मोजायला तयार आहे. ही खात्री एकदा पटली की माणूस सहा नकार पचवू शकतो.

आपल्या घरात गणिताच्या वहीच्या समासात टोपी घातलेला ससा सापडला, तर आपण काय करतो? बहुधा वही पुढे करून रागावतो. रागवावेही, गणित सुटलेच पाहिजे. पण रागावण्याआधी त्या सशाचे मागचे पाय नीट वळले आहेत का, एवढे एकदा पाहावे. वळले असतील, तर आपल्या घरात कुणीतरी फार बारकाईने पाहणारे माणूस वाढते आहे.